पहिला शब्द

तयारी करून आलेला माणूस खरा की खोटा?

हा प्रश्न मला रिंगफ्रेमवर तुटलेला धागा सांधताना पडला. कारण धाकटा. तो एनडीएची लेखी पास झाला आणि आता त्याला सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डापुढं जायचं होतं. पाच दिवसांचा मामला. तिथं पुस्तकातलं कमी विचारतात, माणूसच उलटा करून झाडतात. चित्र दाखवतात, ४ मिनिटांत गोष्ट लिही. अशी ११ चित्रं, बारावं कोरं. मग ६० शब्द, एकेकाला १५ सेकंद. मनात पहिलं येईल ते वाक्य लिही. मैदानात फळ्या, दोर, ड्रम घेऊन टोळीनं अडथळा ओलांडायचा, पुढारी कुणीच नेमलेला नसतो. इंग्रजांनी १९४२ साली युद्धाच्या घाईत स्वतःच्या देशात असली मंडळं काढली. बड्या शाळांतल्या पोरांवर त्यांना अधिकारी पुरेनात.

एक कबूल करतो. तिथं छातीवर नंबर लावतात, आडनावानं हाक मारत नाहीत. गिरणीत माझाही बिल्ला आहे, पण त्या बिल्ल्यानं माझं आडनाव कधी झाकलं नाही. अर्थात मुलाखतीच्या फॉर्मात बापाचं शिक्षण, धंदा, मिळकत लिहावी लागतेच.

सगळे सांगतात, नैसर्गिक वागा. च्यायला, नैसर्गिक म्हंजे काय? ज्या घरात जेवताना पोराला विचारतात, 'तुझं मत काय?' त्या पोराची तयारी १८ वर्षांची. तिला स्वभाव म्हणतात. आमच्या पोराची तयारी ६ आठवड्यांची. तो पढवलेला पोपट!

धाकट्यानं क्लास लावला. सरावात शब्द आला, पाणी. यानं लिहिलं, 'पाण्यासाठी आमच्या माणसांनी मार खाल्ला.' मास्तरांनी लाल शाईत शेरा मारला, निगेटिव्ह. घरी येऊन म्हणाला, "दादा, मला पहिलं महाडच आठवतं. मग काय लिहू?"

मी काय सांगितलं? लाज वाटते सांगायला. म्हटलं, "लिही की, पाणी म्हणजे जीवन. तुझं काय जातंय?" त्यानं ऐकलं. आठवड्याभरात त्याच्या गोष्टी मेल्या. प्रत्येक गोष्टीत नायक रक्तदान शिबिर भरवायचा. वाचून मलाच कंटाळा आला. त्याचं काय जात होतं ते तेव्हा कळलं.

मग एका रात्री पाळीवरून आल्यावर त्याला उठवलं. म्हटलं, २० मार्च १९२७ ला महाडात काय झालं ते नीट सांग. हजारो माणसं रांगेनं चवदार तळ्यावर गेली. बाबासाहेब ओंजळभर पाणी प्याले, मग बाकीचे. नंतर सनातन्यांनी काठ्या चालवल्या, तरी बाबासाहेबांनी आपल्या माणसांचे हात आवरून धरले. आता सांग, बोर्ड जे १५ गुण शोधतं त्यांतले किती यात आहेत? धाकटा बोटं मोजायला लागला. तू मार लिहिलास, चालणं लिहिलं नाहीस. दोन्ही खरंच की!

पण यात माझी चलाखी नव्हती का? साहेबाला आवडेल तेवढंच खरं पुढं करायचं, हेही एक झाकणंच. आमच्या पणज्यांना तर परीक्षा न घेताच नापास केलं होतं. १८९० नंतर महारांची पलटणीत भरती बंद, कारण म्हणे आम्ही लढाऊ जातीचे नाही. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. त्यांना काही दाखवायची संधीच नव्हती. धाकट्याला आहे, म्हणून काय दाखवायचं याची झोंबाझोंबी आहे. याचं उत्तर अजून मला सापडलेलं नाही.

पाचव्या दिवशी त्याचा नंबर पुकारला नाही. पहाटे घरी आला, चहा घेतला. विचारलं, "पाणी आलं का रे?"

"नाही. बाप आला."

"काय लिहिलंस?"

हसला. सांगितलं नाही.

पुन्हा जाणाराय म्हणतो. मी पुढच्या महिन्यात दिवसपाळी मागून घेतलीय.