अंगणातल्या उन्हात, आपल्याच कातडीसोबत

थंडीतली सकाळ आहे. ओतूर असो, नारायणगाव असो की घोडेगाव, ऊन अंगणात उतरलं की तिथे बसा. बाह्या कोपराच्या वर सारा. घाई कसलीच नाही.

कोपरावरचा सोरायसिसचा चट्टा बघा. वर्षानुवर्षं सोबत राहिला की माणूस त्याच्याकडे बघणंच सोडून देतो. आज नव्याने बघा. आपल्या सावळ्या अंगावर तो जांभळट, करडा दिसतो, वर पांढरी खपली. तरुणपणी होता तसाच आहे का? काहींचा उतारवयात शांत होतो, काहींचा चिघळतो, आणि काहींना सोरायसिस पहिल्यांदा होतो तोच पन्नाशी-साठीत.

निरोगी कातडीची पेशी तळातून वर यायला साधारण महिना लागतो. चट्ट्यात ती काही दिवसांतच वर येते, कारण शरीराची संरक्षक यंत्रणाच तिला पळवते. यात कुणाचं पाप नाही, रक्त नासलेलं नाही. 2014 साली जागतिक आरोग्य सभेनेही ठरावात म्हटलं, हा लागण होणारा आजार नाही. मनात सावकाश म्हणा: माझ्यामुळे कुणाला होत नाही. पुन्हा म्हणा. लग्नकार्यात उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घातलात, नातवाला जवळ घेताना हात आखडलात, ते सगळं आठवू द्या. आठवलं की आज त्याला जवळ घ्या.

आता हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरा आणि सोडा. ती हळूहळू जागेवर जाते. वयाने ती पातळ झाली आहे, कोरडी झाली आहे. मेडिकलमधून आणून वर्षानुवर्षं चोळलेली स्टेरॉइडची ट्यूब तिला आणखी पातळ करते, काखेत आणि जांघेत तर फारच. द्राक्षाच्या मांडवातल्या तारेचा ओरखडा उठला तर तिथेही नवा चट्टा येऊ शकतो. म्हणून अंघोळ कोमट पाण्याने, आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलिन.

बोटं हळूच मिटा, उघडा. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहतात का? नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे आहेत का? सोरायसिस असलेल्या दहा जणांतल्या साधारण दोघा-तिघांच्या सांध्यांतही तो उतरतो. ‘वय झालं, वात आहे’ म्हणून त्यावर पांघरूण घालू नका. वेळेवर औषध मिळालं तर सांधे वाकडे होणं बरंचसं टळतं.

मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जा किंवा नेहमीच्या डॉक्टरांकडे, पण घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी चट्टे वाढतात आणि स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर आजार उसळतो. म्हणून कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका. चट्ट्यांसोबत नखं आणि सांधेही दाखवा, विचारलं नाही तरी दाखवा.