हेर्टाची बाजू

समजा, लग्न ठरलंय. ती पेणची, तो रोह्याचा. दोघांनीही विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) वाचलीय. जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हेर्टा बोटीवर चक्रधरच्या प्रेमात पडते. तो मुंबईला उतरतो. ती पुढे जाते आणि जीव देते.

तो म्हणतो, “चक्रधर तरी काय करणार?”

ती म्हणते, “निदान प्रयत्न.”

हे नुसतं पुस्तकाबद्दलचं मत आहे का? पात्राला माफ करताना आपण स्वतःसाठीही थोडी सूट मागून ठेवतो. म्हणूनच तिला त्याचं वाक्य टोचतं. पण मत म्हणजे वचन नव्हे. तेवढ्यावरून माणसाचा निकाल लावणं अन्यायच. मतं जुळायलाच हवीत असं नाही. “तुला असं का वाटलं?” असं विचारावं आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकावं. लग्नाआधी एवढं कळलं, तरी पुष्कळ.