थकवा, मन आणि ताट

गोव्यात पेडणे आणि डिचोली या दोन्ही तालुक्यांना लागून असलेल्या बार्देसमध्ये, हळदोणे परिसरातल्या सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या थकव्याचा मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो 2005 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. दर आठ-नऊ जणींमागे एकीनं सांगितलं की सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ अंगात त्राणच नाही. आपल्याकडे अशा बाईचं निदान आधीच ठरलेलं असतं: रक्त कमी. पण हिमोग्लोबिनचा आणि या थकव्याचा संबंध दिसलाच नाही. संबंध दिसला तो घरावरच्या कर्जाशी, नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचाराशी, मनाच्या आजाराशी आणि गेल्या तीन महिन्यांत सोसलेल्या उपासमारीशी.

ही यादी मला फार महत्त्वाची वाटते. तिच्यात मन आणि पोट शेजारी शेजारी आहेत, आणि आपण मात्र त्यांची दारं वेगळी ठेवली आहेत. पोटासाठी आरोग्य केंद्र, मनासाठी बांबोळीचं मनोरुग्णालय. जस्ताची, म्हणजे औषधाच्या दुकानातल्या झिंकची, गोष्ट ही वाटणी मोडते.

बिहारमधल्या बक्सरचे डॉ. आनंद प्रसाद 1958 साली इराणमध्ये शिराझला होते. त्यांच्याकडे आलेला एकवीस वर्षांचा रुग्ण आठ-दहा वर्षांच्या मुलासारखा दिसत होता. उंची खुंटलेली, वयात आलेला नाही, आणि मनानं सुस्त. आहार मुख्यतः रोटीचा, शिवाय माती खायची सवय. प्रसादांनी जस्ताच्या कमतरतेकडे बोट दाखवलं तेव्हा माणसात अशी कमतरता असू शकते यावर फार कुणाचा विश्वास नव्हता. पुढे 1973-74 मध्ये लंडनला डॉ. मॉयनाहन यांनी एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराचं मूळ जस्त शोषलं न जाण्यात आहे असं दाखवलं. त्या आजारातली मुलं सतत रडवेली, चिडचिडी असतात. जस्त सुरू केल्यावर त्वचेवरचे व्रण भरण्याआधीच मूल हसू लागतं. मनाची खूण शरीराच्या आधी पालटते, हे मला थक्क करणारं वाटतं.

कारण मेंदूत आहे. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात जस्ताचं प्रमाण विशेष असतं. तिथल्या काही चेतापेशी ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाबरोबर जस्तही सोडतात आणि पुढच्या पेशीला जाणारा संदेश किती तीव्र असावा हे ते काही अंशी ठरवतं.

तरीही इथे थांबून नीट पाहायला हवं. नैराश्यग्रस्तांच्या रक्तात जस्त सरासरीनं कमी आढळतं, पण उदास माणूस जेवतही कमी; मग कशामुळे काय झालं? शिवाय संसर्ग असला तरी रक्तातलं जस्त उतरतं. दिल्लीच्या गरीब वस्तीतली लहान मुलं जस्त दिल्यावर अधिक खेळती झाली, पण बांगलादेशातल्या तान्ह्या बाळांच्या बौद्धिक विकासाला त्याचा फायदा दिसला नाही. नैराश्याच्या औषधांसोबत जस्त दिल्याचे प्रयोग आशादायक आहेत, पण लहान आहेत. म्हणून झिंकच्या गोळीला उदासीचं औषध म्हणणं चूक आहे, आणि ती डॉक्टरांना न विचारता घेत राहणं धोक्याचं. जादा जस्तामुळे शरीरातलं तांबं घटतं. त्यातून पंडुरोग आणि चालण्यात अडखळ येऊ शकते.

माझं लक्ष ताटाकडे आहे. 'आम्ही नुस्तें खातो, आम्हाला काय कमी?' असं गोव्यात ठामपणे म्हटलं जातं. पण जस्त भरपूर असतं ते कालवांत, बरंचसं कुर्ल्यांत. बांगडा-तारल्यांत ते बेताचंच. शापोरा आणि तेरेखोलच्या खाड्या जवळ असलेल्या पेडण्याला हे मिळतं तरी. आतल्या डिचोलीला विकत घ्यावं लागतं. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, मागोमाग श्रावण. मग उरतो भात. पाव किलो पांढऱ्या तांदळात जस्त जेमतेम 3 मिलीग्रॅम, आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं बाईला रोज 13 मिलीग्रॅमच्या आसपास हवं. कडधान्यांत ते आहे, पण त्यांतलं फायटेट ते आतड्यात बांधून ठेवतं. भिजवलं, मोड आणले, आंबवलं की फायटेट कमी होतं. मुगांगाठी आणि आंबवलेले पोळे करणाऱ्या आपल्या आज्यांनी रसायनशास्त्र न शिकताही हे साधलं होतं. प्रश्न फक्त एवढाच की मुगांगाठीची वाटी शेवटी जेवणाऱ्या बाईपर्यंत उरते का.

देशाच्या 2016-18 च्या पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपैकी जवळपास एक तृतीयांश जणांत जस्त कमी आढळलं. हेच वय अभ्यासाचं, आणि मन पहिल्यांदा खचण्याचंही. ज्याची उदासी हटत नाही त्यानं आहार सुधारण्याची वाट पाहत बसू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक त्यासाठीच आहे. पण शाळेतल्या मध्यान्ह भोजनात पावासोबतची भाजी मोडाच्या अळसांद्यांची किंवा मुगांची असावी, आणि ती आठवड्यातून दोन-तीनदा तरी असावी, हा आग्रह पेडणे-डिचोलीतल्या पालक-शिक्षक संघांनी आणि जेवण रांधणाऱ्या स्वयंसाहाय्य गटांनी याच वर्षी धरावा.