तत्त्ववेत्त्याचे प्रयोजन

॥ श्रीचक्रधर प्रसन्न ॥

(उल्हासनगर, कॅम्प १ येथे केलेले निरूपण)



यंत्रज्ञ यंत्र चालवितो, वैद्य रोग बरा करतो, विणकर वस्त्र देतो. मग तत्त्ववेत्ता जगाला काय देतो? हा प्रश्न आजची तरुण उपदेशी मंडळी वारंवार विचारतात. या प्रश्नात उद्धटपणा आहे असे मानू नये. ज्याला दिवसभर राबून चार पैसे मिळवावयाचे आहेत, त्याने प्रत्येक गोष्टीचे प्रयोजन विचारणे योग्यच होय. म्हणून याचे उत्तर रागाने न देता प्रमाणाने दिले पाहिजे.

सर्वज्ञांनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ निरूपिले. जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त आणि प्रपंच कार्यरूपाने अनित्य. हे चारही परस्परांहून भिन्न आहेत. एकाचे लक्षण दुसऱ्यावर लादले की अन्यथाज्ञान उत्पन्न होते. सूत्रपाठात अन्यव्यावृत्ती नावाचे एक प्रकरणच आहे. जे जे इष्ट वस्तू नव्हे, ते ते बाजूस सारणे ही व्यावृत्ती. तत्त्ववेत्त्याचे पहिले कार्य हेच होय. तो नवीन वस्तू निर्माण करीत नाही. असलेल्या वस्तूंची सरमिसळ दूर करतो. आजच्या युगाची सर्वात मोठी सरमिसळ कोणती? साधनाला साध्य मानणे ही होय. आपण वेगाने जातो. परंतु कोठे जावयाचे, याचा निर्णय वेगाच्या हाती सोपवितो.

याचे उदाहरण दूर शोधावयास नको. हे नगर दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी होते. फाळणीनंतर सिंधमधून घरदार टाकून आलेले सुमारे एक लाख लोक येथील बराकींत राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या लोकांनी रिकाम्या हातांनी व्यापार आणि कारखाने उभे केले. हा पुरुषार्थ थोर आहे. परंतु याच परिसरातून वाहणारी वालधुनी आज पाहा. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्या पात्रात टाकलेल्या रसायनांतून विषारी वायू निघाला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या पाण्यात कोणते द्रव्य होते हे रसायनज्ञ सांगेल, ते शुद्ध कसे करावे हे यंत्रज्ञ सांगेल. परंतु माझ्या लाभासाठी खालच्या वस्तीच्या पाण्यात विष सोडण्याचा अधिकार मला नाही, हे कोणती प्रयोगशाळा सांगेल? तो निर्णय विचाराचा आहे. आपल्या मार्गात पाणी गाळून घेण्याचा कटाक्ष आहे, तो सूक्ष्म जीवाचीही हिंसा घडू नये म्हणून. त्या आचारामागचा विचार ज्याला समजला, त्याला नदीत विष ओतणे शक्यच होणार नाही.

आता आपल्या परंपरेतील तत्त्ववेत्ते पाहा. सर्वज्ञांनी स्वहस्ते ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी गावोगाव जाऊन, ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या त्यांच्या मुखातून त्या मिळविल्या. म्हाइंभट मोठे पंडित होते. त्यांनी स्वतःच्या बुद्धीने कथा रचली असती तर कोण अडविणार होते? परंतु त्यांनी साक्षीदारास विचारले. केशिराजबासांनी त्या लीळांतून वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. ते संस्कृताचे अधिकारी. त्यांना संस्कृतात ग्रंथरचना करावयाची होती. आचार्य श्रीनागदेवांनी ते मानले नाही. संस्कृत न जाणणाऱ्या वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. साक्षीला धरून बोलणे, निवड करणे आणि सर्वांना कळेल त्या भाषेत सांगणे ही तत्त्ववेत्त्याची तीन लक्षणे या तीन थोर पुरुषांत दिसतात. ज्या काळात ऐकीव गोष्ट क्षणात लाखो लोकांपर्यंत जाते, त्या काळात म्हाइंभटांसारखा 'हे कोणी पाहिले?' असे विचारणारा पुरुष किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आधुनिक महाराष्ट्रातही या प्रयोजनाची जाणीव झालेली होती. खानदेशात अमळनेर येथे १९१६ साली श्रीमंत प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले. प्रतापशेठ गिरणीचे मालक. कापड विणणाऱ्या नगरात विचारासाठीही एक घर असावे, असे एका उद्योजकास वाटले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तेथेच साने गुरुजी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी आले. पुढे १९२४ मध्ये ते तेथील शाळेत शिक्षक झाले. मे १९४७ मध्ये अस्पृश्य मानलेल्यांना पंढरपूरच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी प्राणांतिक उपोषण आरंभिले. देवताभक्तीविषयी आपला सिद्धांत वेगळा आहे, त्यात तडजोड नाही. परंतु जीव म्हणून सर्व समान, हा विचार पोथीत न ठेवता देहावर घेणे, ही गोष्ट सर्वज्ञांच्या अनुयायांनी आदराने पाहावी अशीच आहे.

येथे एक सावधगिरी हवी. ज्याचे घर गेले त्याला 'प्रपंच अनित्य आहे' असे सांगून मोकळे होणे, हे तत्त्वज्ञान नव्हे. तो निष्ठुरपणा होय. अनित्यतेचा बोध प्रथम स्वतःच्या संग्रहाला लावावा, दुसऱ्याच्या दुःखाला नव्हे. सूत्रपाठात विचार आहे आणि आचारही आहे. आचाराविना विचार हा वाग्विलास, विचाराविना आचार हा केवळ अभ्यास. भिक्षुकांनी पाठांतरावर थांबू नये. शिष्याने शंका विचारली असता ती अश्रद्धा समजून दडपू नये. वासनिकांनी दुकानात, कारखान्यात बसताना दिवसातून एकदा तरी स्वतःस विचारावे: मी जे करीत आहे, ते साधन की साध्य? आणि त्याने कोणत्या जीवाला पीडा होते?

हा प्रश्न जो प्रामाणिकपणे विचारतो, तो त्या क्षणी तत्त्ववेत्त्याचेच काम करीत असतो. त्याला हा प्रश्न विचारावयास शिकविणे आणि उत्तराप्रमाणे स्वतः वागून दाखविणे, एवढेच आम्हा निरूपणकर्त्यांचे जगाला देणे आहे. ते आमच्याकडून घडावे, ही श्रीचक्रधरचरणी प्रार्थना.

दंडवत प्रणाम.