निष्काम सेवा आणि युद्धकाळातली कवायत

‘निष्काम सेवा’ हे होमगार्ड संघटनेचे ब्रीद. दंगलीच्या काळात पोलिसांच्या मदतीला नागरिक असावेत म्हणून 6 डिसेंबर 1946 रोजी मुंबई प्रांतात ही संघटना उभी राहिली. 1962 च्या चिनी आक्रमणानंतर देशभर तिची एकसारखी घडी बसवण्यात आली. 1968 मध्ये नागरी संरक्षण कायदा आला. ब्रीदामागचा विचार गीतेचा असल्याने जुनाच प्रश्न पुन्हा समोर येतो. रायफल हाताळायला शिकणारा नागरिक निष्काम राहू शकतो का?

या प्रश्नाची एक मोठी चर्चा खानदेशात झाली. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. अर्जुनाने शस्त्र टाकले ते अहिंसेमुळे नव्हे. समोर आप्त दिसले म्हणून तो मोहात पडला, असा विनोबांचा पहिल्याच प्रवचनातला निर्वाळा आहे. हेच विनोबा 17 ऑक्टोबर 1940 रोजी, युद्धाला साहाय्य नाकारणारे पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले. दोन्ही भूमिका एकमेकींशी जुळतात. मोहाने किंवा भीतीने दिलेला नकार त्यांना मान्य नव्हता. विचारपूर्वक दिलेला मान्य होता. हीच कसोटी होकारालाही लावावी लागते. शेजारी देशाच्या द्वेषापोटी कवायतीला आलेला तरुण अर्जुनाइतकाच मोहात असतो.

स्वधर्माचा पेच याहून अवघड आहे. गीतेतले युद्ध क्षत्रियाच्या वाट्याचे. नागरी संरक्षणात मात्र शेतकरी, दुकानदार, शिक्षिका अशा सगळ्यांनाच बोलावले जाते. या पेचातून वाट दाखवतात त्या जळगावजवळच्या असोद्यात 1880 मध्ये जन्मलेल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी. त्यांच्या कवितेत देवाधर्माचा विचार शेतातल्या आणि घरातल्या कामातूनच येतो. त्या वाटेने पाहिले तर गाव राखणे हा कोणा एका वर्णाचा धर्म उरत नाही, आणि हा बदल स्वागतार्हच आहे.

7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव ठरला, त्याच्या ठिकाणांच्या यादीत असोद्याजवळचे भुसावळही होते. मोठे रेल्वे जंक्शन आणि आयुध कारखाना तिथे आहे. अशा प्रशिक्षणातले बहुतेक धडे वाचवण्याचे असतात. चढउतार होणारा भोंगा म्हणजे धोका, एकसुरी म्हणजे धोका टळला. खिडकीला काळा कागद लावायचा. दोन सदऱ्यांच्या बाह्या आत वळवून त्यांतून दोन बांबू ओवले आणि गुंड्या लावल्या की स्ट्रेचर तयार होते. मग स्वयंसेवकांपैकीच एकाने त्यावर निजायचे आणि बाकीच्यांनी उचलायचे. आपला भार दुसऱ्याच्या हाती सोपवण्याचा हा अनुभव पुस्तकातून मिळत नाही. मात्र होमगार्डला शस्त्रही शिकवतात, तेव्हा हिंसेचा प्रश्न इथे हलका होतो, मिटत नाही.

या कामाचे फळही वेगळे. भोंगा खरा वाजलाच नाही तर वर्षानुवर्षांची कवायत कुणाच्या नजरेत भरत नाही, आणि तेच हवे असते. फलाशा सोडण्याची याहून खडतर परीक्षा क्वचितच असेल. पण फळाची आशा सोडायची ती करणाऱ्याने. काम करवून घेणाऱ्या शासनाने ब्रीदाकडे बोट दाखवून मोबदला टाळणे हा गीतेचा विपर्यास ठरतो. होमगार्डच्या 30 दिवसांच्या भत्त्याची बेरीज पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतकी व्हावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये दिला आहे.