आहे त्या आवाजात

छोट्या खोलीतली मैफल वेगळीच असते. गाणाऱ्याचा श्वाससुद्धा समोरच्याला ऐकू येतो. तिथे काही लपत नाही. वय तर मुळीच नाही.

आपल्या गडहिंग्लजहून कोल्हापूर फार लांब नाही. तिथे शाहू महाराजांच्या दरबारी उस्ताद अल्लादिया खाँ गात. कोल्हापूरला येण्याआधीच, फार गाऊन गाऊन, त्यांचा आवाज गेला होता. गवयाला याहून मोठा घाव कोणता? आवाज परतला, पण पूर्वीचा नाही. मग आहे त्या आवाजात त्यांनी गाणे नव्याने घडवले. जयपूर-अत्रौली गायकी अशी उभी राहिली. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर पुढे तीच गायल्या.

आपलेही असेच होते. गुडघे दुखतात. हात थरथरतो. पूर्वीसारखे जमत नाही, म्हणून आपण कामच सोडून देतो. नका सोडू. आहे त्या आवाजात गा. आहे त्या बळाने उभे राहा. कालच्या स्वतःशी स्पर्धा कशाला?

आणि आज संध्याकाळी देवळात एखादे थकलेले बुवा अभंग धरतील, तेव्हा मागे भिंतीला टेकू नका. पुढे बसा. टाळ घ्या, आणि त्यांच्या लयीत वाजवा.