टिटवीला सातबारा नाही



चळवळीतला पोरगा सरळ विचारतो : आपल्या माणसाच्या डोक्यावर धड पत्रा नाही, आणि तुम्ही पाखराच्या घरट्याचं काय घेऊन बसलात?

प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. मुंग्यांना साखर घालणाऱ्या, गाईला घास काढून ठेवणाऱ्या याच समाजानं आपल्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती, माणसाला बंदी होती. म्हणून 1927 चा महाड घडला. अलीकडचंही बघा. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणं काढा म्हणून पर्यावरणवाले 1995 साली हायकोर्टात गेले. 1997 ला आदेश निघाला आणि पुढं हजारो झोपड्यांवर बुलडोझर फिरला. धुणीभांडी करणाऱ्या बाया, बिगारी रस्त्यावर आले. त्याच जंगलाच्या कडेचे टॉवर मात्र ताठ उभे राहिले. तेव्हा पाखरांचा कळवळा आला की आपले कान टवकारतात. टवकारलेच पाहिजेत.

पण महाडचा अर्थ नीट लावा. जनावरांना पाणी मिळत होतं, हा अन्याय नव्हता. माणसाला नाकारलं, हा अन्याय होता. जनावरांना हाकला, अशी आपली मागणी कधीच नव्हती.

आता बावधन घ्या. मुळशी तालुक्यातलं गाव. बावधन खुर्द 1997 ला पुणे महापालिकेत गेलं, बावधन बुद्रुक 2021 ला. एका अंगाला एनडीएचं रान, दुसरीकडं टेकड्या, मधून रामनदी. भूगाव, बावधन, पाषाण करत मुळेला मिळणारी. 1997 ला शहरात आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवर सुमारे 978 हेक्टर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, 2015 साली सरकारनं त्यावर शिक्का मारला. चांगलं झालं. पण टेकडीच्या पायथ्याचा माळ? गवताचा, मुरमाचा? त्याला कागदावर एकच नाव : पडीक.

या पडीकात टिटवी राहते. ती काडी जमवत नाही, झाड शोधत नाही. मार्च ते ऑगस्टच्या दरम्यान उघड्या जमिनीत खळगा करून साधारण चार अंडी घालते. अंडी खड्यांच्या रंगाची, पायाशी असली तरी दिसत नाहीत. माणूस जवळ आला की डोक्यावर घिरट्या घालत ओरडते. तेवढंच तिचं हत्यार. नदीकाठी बाभळीला सुगरणीची घरटी लोंबतात, नर ती पावसाळ्यात विणतो. बाभळ तोडायची तर 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली परवानगी लागते. माळ सपाट करताना टिटवीचं कोण विचारतो? खरं तर 1972 च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्याच्या अंड्याला, घरट्याला धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येतच येतं. पण कायदा पुस्तकात असणं आणि ठाण्यात नोंद होणं, यातलं अंतर आपल्याला कुणी शिकवायला नको.

'पडीक' हा शब्द आपल्याही ओळखीचा. 1959 ला आणि पुन्हा 1964 ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. मागणी काय, तर पडीक जमीन कसणाऱ्याला द्या. मग आपण पडीक मागितलं ते न्याय्य, आणि बिल्डरनं घेतलं की पाप, हे कसं?

इथं बाबासाहेबांचा एक भेद कामाला येतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये अहिंसेची चर्चा करताना ते मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा वेगळी करतात. बुद्धानं अहिंसेचा आंधळा नियम केला नाही, माणसाच्या विवेकावर सोडलं. आणि करुणा माणसापुरती असते, मैत्री सर्व जीवांपर्यंत जाते, हेही तिथंच सांगितलंय. बावीस प्रतिज्ञांतही प्राणिमात्रांवरची दया आहे. ती आपण फक्त म्हणण्यापुरती घेतलेली नाही.

हा भेद घराला लावा. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे 1 कोटी 10 लाख घरं रिकामी निघाली. त्याच जनगणनेत साडेसहा कोटी माणसं झोपडपट्टीत. म्हणजे घरं कमी पडतात म्हणून माळ खणला जातो, हे अर्धंच सत्य. भूमिहीनाचं रान ही गरज होती. कुलूप लावून भाव वाढायची वाट बघणारा फ्लॅट ही इच्छा आहे. 'घर की घरटं' हे भांडण आपल्यात लावून देणाऱ्याला दोन्ही नकोत, त्याला चौरस फूट हवेत.

त्याच ग्रंथात देवदत्त आणि सिद्धार्थाची गोष्ट आहे. देवदत्त म्हणतो, बाण माझा, पाखरू माझं. सिद्धार्थ म्हणतो, वाचवतो त्याचा हक्क. निवाडा सिद्धार्थाच्या बाजूनं होतो. आजचा देवदत्त सातबारा दाखवतो, एवढाच फरक.

पण समजा, खरोखर बेघरांसाठीच त्या माळावर घरं बांधायची ठरली, तर? तर बांधावीत. माणसाची गरज मोठी. मात्र टिटवीची अंडी साधारण चार आठवड्यांत फुटतात. तेवढं थांबल्यानं कुणी बेघर मरत नाही. मरतो तो वर्षानुवर्षं अडवून ठेवलेल्या फायलीनं. आणि 'गरिबांसाठी' अशी पाटी लावून कुणी आलं तर एकच विचारा : किल्ली कुणाच्या हातात जाणार?

आणखी एक. जेसीबीच्या पात्यासमोर अंडी आली की ती सगळ्यात आधी पाहतो तो बाल्कनीतला पक्षीमित्र नव्हे, हजेरीवरचा आपला पोरगा. त्यानं यंत्र थांबवलं तर मुकादम रोज कापतो. नीती पाळायची किंमत त्याच्या पोटातून वसूल होते. म्हणून मागणी इथून सुरू व्हावी : घरटं दिसलं तर काम थांबवायचा हक्क कामगाराला, पुरी हजेरी देऊन. खणण्याआधी झाडांसारखीच माळाचीही पाहणी, आणि ती करताना तिथं गुरं चारणाऱ्यांना विचारणं. रामनदीचा काठ मोकळा. आणि पाखराच्या नावानं झोपडी हलवायची वेळ आलीच, तर आधी पक्कं घर, मग हलवणं.

आपली पाखराशी तुलना करून कुणी डोळे पुसू नयेत. आपण माणसं आहोत, दाणे मागत नाही, हक्क मागतो. पण ज्याला बोलता येत नाही, ज्याचं नाव कुठल्या कागदावर नाही, त्याच्या बाजूनं साक्ष द्यायची वेळ आली तर ती आपण द्यायची. बिनकागदाचं जगणं काय असतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

जय भीम.